7, 14, 21, 28

केबलच्या धंद्यात दरावरून भांडतं ते गिऱ्हाईक. आम्ही गावातले केबलवाले, आमच्या वरचा एमएसओ (आम्हाला सिग्नल पुरवणारी मोठी केबल कंपनी) आणि त्याच्याही वरचा ब्रॉडकास्टर (चॅनलची मालक कंपनी), असे तिघं भांडतो ते डोकी मोजण्यावरून. दर छापील असतो, तो ट्रायच्या, म्हणजे सरकारी नियामक संस्थेच्या, साईटवर कुणालाही वाचता येतो. पण त्या दराला गुणायचं कितीने, यावर आमच्या धंद्यात तीस वर्षं बोलणी चालू आहेत.

देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात आणि त्याला लागून असलेल्या वाड्यांत आमचं केबल आहे. चांगल्या दिवसांत तीनशेच्या आसपास जोडण्या असायच्या. त्यातल्या शंभरेक घरांना वर्षाचे दहा महिने कुलूप. घरमालक परळ, भांडुप, विरार, डोंबिवलीला. ती घरं गणपतीत उघडतात, शिमग्याला उघडतात, मे महिन्यात आंबे खायला उघडतात आणि उघडली की पहिल्या तासात मला फोन येतो. हे आधी सांगितलं, कारण पुढची सगळी घासाघीस या शंभर कुलपांवरून झाली.

धंदा बाबांनी सुरू केला, नव्वदच्या दशकात. खळ्यात मोठी जाळीची डिश, पडवीत रिसीव्हर आणि मॉड्युलेटरची मांडणी, तिथून निघालेली काळी वायर माडांना आणि आंब्यांना बांधत बांधत वाडीभर. तेव्हा पे चॅनलचा माणूस प्रत्यक्ष घरी यायचा. ओटीवर बसायचा, चहा व्हायचा, हंगाम असला तर पेटीतले चार आंबे कापले जायचे आणि मग बोलणी. तो म्हणायचा, गावात दोनशे टीव्ही आहेत. बाबा म्हणायचे, साठ. तो म्हणायचा, अहो देवळापासून इथपर्यंत येताना मीच पन्नास वायरी मोजल्या. बाबा म्हणायचे, त्यातल्या अर्ध्या घरांत माणूसच नाही. मग नव्वद किंवा शंभरावर मिटायचं आणि तेवढ्या डोक्यांचे पैसे जायचे. देशभर हीच रीत होती. ॲनालॉग वायरीत कुणी किती घरं जोडलीत हे वर बसून दिसायचं नाही, त्यामुळे मोजणी आमच्या हातात आणि बोलणीत वजनही आमचं. दोन्ही बाजूंना ठाऊक असायचं की समोरचा खरं सांगत नाहीये. आणि तरी व्यवहार सुरळीत चालायचा, हे मला अजून नवल वाटतं.

डिजिटायझेशनने ते संपवलं. महानगरांत 2012 मध्ये सुरुवात झाली आणि टप्प्याटप्प्याने आमच्यासारख्या गावांची पाळी आली मार्च 2017 ला. पडवीतली मांडणी भंगारात गेली. आता सिग्नल एमएसओच्या फायबरवरून येतो, प्रत्येक घरात सेट-टॉप बॉक्स, प्रत्येक बॉक्सला नंबर आणि तो नंबर चालू की बंद हे एमएसओच्या कॉम्प्युटरवर दिसतं. मोजणी आमच्या हातून गेली ती कायमची.

त्याच वर्षी 3 मार्चला ट्रायने नवा टॅरिफ ऑर्डर, म्हणजे दरांचा आदेश, काढला. स्टार इंडिया या नियमांविरुद्ध आधीच मद्रास उच्च न्यायालयात गेली होती, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, 30 ऑक्टोबर 2018 ला ट्रायच्या बाजूने निकाल लागला आणि फेब्रुवारी 2019 पासून गावोगावी आम्ही फॉर्म घेऊन फिरलो: कुठलं चॅनल हवं त्यावर खूण करा. कोणीही केली नाही. ‘तूच काय ता टाक रे’ म्हणाले, आम्ही टाकलं.

पण त्या ऑर्डरमुळे एक गोष्ट बरी झाली. पैशाची वाटणी कागदावर आली. ब्रॉडकास्टरने चॅनलची कमाल किरकोळ किंमत जाहीर करायची. त्यातले निदान 20 टक्के वितरकाला सोडायचे. त्यावर आणखी 15 टक्क्यांपर्यंत सूट देता येते, पण ती ‘इतक्या घरांत आमचा पॅक घातलात तर’ अशा अटींवर मिळते. वाहिनी दाखवण्याचे म्हणून नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे एनसीएफ, वेगळी: तेव्हा जास्तीत जास्त 130 रुपये, वर 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. एमएसओ आणि माझ्यासारखा लोकल ऑपरेटर यांचं आपसात जमलं तर जमेल तशी वाटणी, नाही जमलं तर नियमातली ठरलेली: एमएसओला 55, ऑपरेटरला 45.

म्हणजे 19 रुपयांचं चॅनल घ्या. ब्रॉडकास्टरला 15 रुपये 20 पैसे. उरले 3 रुपये 80 पैसे. त्यातले माझे 1 रुपया 71 पैसे. वाडीतल्या काकूला वाटतं तिची मालिका मीच बनवतो आणि 19 चे 19 मीच खातो.

2022 च्या डिसेंबरात एमएसओच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पत्रक आलं: 1 फेब्रुवारीपासून पॅकचे दर बदलणार. त्यामागची भानगड जुनी होती. बुकेमध्ये, म्हणजे चॅनलच्या एकत्र पॅकमध्ये, घालायच्या चॅनलची किंमत आधी 19 रुपयांपर्यंत चालायची. 2020 च्या दुरुस्तीत ट्रायने ती 12 वर आणली. ब्रॉडकास्टर मुंबई उच्च न्यायालयात गेले, जून 2021 मध्ये ती दुरुस्ती बहुतांशी टिकली. मग त्यांनी चालणारी चॅनलं बुकेच्या बाहेर काढून सुटी महाग लावायची तयारी केली. शेवटी नोव्हेंबर 2022 मध्ये ट्राय पुन्हा 19 वर आलं आणि बुकेवर जास्तीत जास्त 45 टक्के सूट अशी मर्यादा घातली. ब्रॉडकास्टरांनी त्याप्रमाणे नवे आरआयओ जाहीर केले. आरआयओ म्हणजे ‘आमचा माल या अटींवर मिळेल’ असं छापील पत्रक. त्यावर सही केली की करार. अटी मान्य नसतील तर बोलायचं, पण बोलण्याच्या काळात सिग्नल चालू राहील याची खात्री नाही.

मोठ्या एमएसओंच्या संघटनेने, ऑल इंडिया डिजिटल केबल फेडरेशनने, सही करायला नकार दिला. दर फार वाढतात, गिऱ्हाईक तुटेल, असं त्यांचं म्हणणं. ब्रॉडकास्टर म्हणत होते, काही वर्षं दर वाढवलेच नाहीत आणि बहुतेक वितरकांनी सह्या केल्याही आहेत. फेडरेशन केरळ उच्च न्यायालयात गेलं, पण स्थगिती मिळाली नाही. आमच्या एमएसओने सही केली नव्हती. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्ही पेपरात वाचलं. करारात आम्ही पक्षकार नाही, मग सांगतील कशाला?

18 फेब्रुवारी 2023, शनिवार. महाशिवरात्र. अर्धा तालुका कुणकेश्वरच्या जत्रेला आणि उरलेला उपासाचं फराळ करून टीव्हीसमोर, कारण दिल्लीला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीचा दुसरा दिवस होता. तीन मोठ्या ब्रॉडकास्टरांची चॅनलं आमच्या बॉक्सवरून गेली. नावं लिहीत नाही, तेव्हा सगळ्या पेपरांत छापून आली होती. मराठी मालिका गेल्या, क्रिकेट गेलं, लहान मुलांची चॅनलं गेली. सह्याद्री दिसत होतं, बातम्या दिसत होत्या. बाकी ठिकाणी निळी पाटी आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी.

फोन सकाळपासून. क्रिकेटवाले आधी, कारण मॅच दिवसाची. अक्षर पटेलने त्या दिवशी 74 केल्या, अश्विनबरोबर शतकाच्या वर भागीदारी केली आणि आमच्या गावाला ती मोबाईलवर ऐकून कळली. संध्याकाळी सात वाजल्यापासून बायकांचे फोन.

“माझी मालिका खंय गेली रे?”

“काकी, मुंबईसून बंद झालीहा. कंपन्यांचा भांडण चल्लाहा.”

“ता माका सांगू नको. पैशे मी तुका दिलंय, कंपनीक नाय.”

या वाक्यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आताही नाही. नियमानं बघितलं तरी काकी बरोबर आहे. तिच्या दारात येणारा मी. ज्यांनी चॅनल काढलं आणि ज्याने सही केली नाही, त्या दोघांनाही ती ओळखत नाही.

फेडरेशनने साडेचार कोटी घरांचे चॅनल गेले असा आकडा सांगितला. आठवडा व्हायच्या आत सह्या झाल्या आणि चॅनलं परत आली. कोणाचा मुद्दा मान्य झाला, कोणी काय सोडलं, ते खालपर्यंत आलं नाही. आमच्यापर्यंत आला तो नवा दरपत्रकाचा पीडीएफ आणि ग्रुपवर एक हात जोडलेला इमोजी.

त्या काही दिवसांत माझ्या चाळीसेक जोडण्या गेल्या. काहींनी डीडी फ्री डिश बसवली, एकदाच खर्च, मग महिन्याला काही नाही. काहींनी कसलंच काही बसवलं नाही, पोरांनी घरी वायफाय घेतलं होतं तेवढंच पुरलं. त्यात 31 मार्चला आयपीएल सुरू झाली ती जिओ सिनेमावर फुकट. ज्या माणसाला मी क्रिकेटच्या चॅनलचे पैसे मागायला जायचो तो मला मोबाईलवर स्कोअर दाखवून हसायचा. गंमत बघा, केबलवरच्या चॅनलला किंमत किती लावायची, बुकेत सूट किती द्यायची, सगळ्याला ट्रायचे नियम. तीच मॅच मोबाईलवर फुकट वाटायला यातला एकही नियम आड येत नाही.

आता माझी स्वतःची बोलणी. एमएसओशी आमचा करार जुना, त्यातला बराचसा तोंडी. दर वाढल्यावर त्यांनी नवा करार पुढे केला आणि ऑपरेटरांना एकेक करून बोलावलं. जिल्ह्यातल्या आम्ही पंधरा-वीस जणांनी आधी कुडाळला एका हॉटेलात बसून ठरवलं की एकेकटं जायचं नाही. ठरलं, आणि त्यातले तिघं दुसऱ्याच दिवशी एकेकटे जाऊन आले.

एमएसओचा माणूस कोल्हापूरकडचा, वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला गोड. “दादा, तुमच्यासाठीच तर करतोय सगळं,” हे दर तिसऱ्या वाक्याला. लॅपटॉप उघडून माझी सगळी जोडणी दाखवायचा. हिरव्या रंगात चालू, लाल रंगात बंद, महिन्याच्या तारखांचे रकाने. माझ्या वाडीतलं कोणतं घर कधी उघडलं हे त्याच्या पडद्यावर त्या घराच्या शेजाऱ्यापेक्षा आधी दिसतं.

त्याच्या अटी तीन. एक, सगळा व्यवहार प्रीपेड, वॉलेटमध्ये आधी पैसे भरा मग बॉक्स चालू होईल. दोन, एक ठरावीक पॅक जास्तीत जास्त घरांत घाला. तीन, वाटणी नियमातलीच, वर काही मागू नका.

दुसरी अट कुठून येते ते कळायला फार डोकं लागत नाही. मघाशी सांगितलेली ती वरची 15 टक्के सूट. पॅक जितक्या जास्त घरांत, तितकी एमएसओला ब्रॉडकास्टरकडून सूट जास्त. ती सूट आमच्यात वाटायची का, हे विचारलं तर लॅपटॉप मिटायचा.

पहिल्या अटीवर मी जास्त अडलो. आमच्याकडे पैसा ऋतूने येतो. आंबेवाल्याचा पैसा एप्रिल-मेमध्ये, तोही वाशीच्या दलालाकडून पट्टी आली की. मच्छीमाराचं 1 जून ते 31 जुलै बंदी, होडी किनाऱ्याला. त्याला जुलैत केबलचे पैसे मागणं म्हणजे माणुसकी सोडणं. “आंब्याचे पैशे येवंदेत, मगे देतंय,” असं म्हणणारा माणूस बुडवत नाही, देतोच, पण मेअखेर. मला मात्र त्याचा बॉक्स फेब्रुवारीत, मार्चमध्ये, एप्रिलमध्ये माझ्या वॉलेटमधून चालू ठेवायचा. वर रोख आणि खाली उधार, असा जात्यातला दाणा मी गेली काही वर्षं झालोय. कोल्हापूरच्या दादाला हे समजावताना त्याने मान हलवून ऐकलं आणि म्हणाला, “सिस्टीममध्ये उधार हा ऑप्शनच नाही.”

मग मी कुलपांचा विषय काढला. शिमग्याला मुंबईकर आले, पाचेक मार्चपासून पालख्या नाचवून आठ-दहा दिवसांत परत गेले. मी शंभरावर बॉक्स चालू केले आणि वॉलेटमधून प्रत्येकी पूर्ण महिन्याचे पैसे कापले गेले. घरवाल्याने मला आठवड्याचे म्हणून शंभर-दीडशे टेकवले. बाकीचे माझे गेले.

यावर मला एक नियम सापडला होता. ट्रायच्या 2017 च्या इंटरकनेक्शन नियमांत लिहिलंय, एमएसओने ब्रॉडकास्टरला पैसे द्यायचे ते महिन्याच्या सरासरी गिऱ्हाईकांवर. ती सरासरी काढायची चार वेळा मोजून: 7, 14, 21 आणि 28 तारखेला, संध्याकाळी 7 ते रात्री 11 च्या मधे कधीतरी. चार आकड्यांची बेरीज, भागिले चार. म्हणजे एखादा बॉक्स चारपैकी एकाच तारखेला चालू असेल तर ब्रॉडकास्टरच्या हिशेबात तो पाव गिऱ्हाईक.

मी वहीच्या कागदावर हिशेब मांडून नेला. समजा मुंबईकराच्या बॉक्सवर एनसीएफ 130 आणि 100 रुपयांची पे चॅनलं. एकूण 230, जीएसटीसह 271 रुपये 40 पैसे. त्या 100 मधले 80 ब्रॉडकास्टरच्या नावाने कापले. माझा वाटा एनसीएफमधले 58 रुपये 50 पैसे आणि चॅनलच्या 20 मधले 9, एकूण साडेसदुसष्ट. हे ठीक. पण बॉक्स एकाच मोजणीत सापडला असेल तर ब्रॉडकास्टरला 80 चे पाव, 20 रुपये जातात. मधले 60 कोणाचे?

तो पहिल्यांदा गप्प बसला. मग हसला आणि म्हणाला, “दादा, बॉक्स 30 दिवस ॲक्टिव आहे. घराला कुलूप असलं तरी सिस्टीममध्ये हिरवाच. चारही तारखांना मोजला जातो. आम्ही पूर्ण 80 भरतो.”

आणि ते खरं होतं. मोजणी टीव्हीची नसते, सिस्टीममधल्या हिरव्या रंगाची असते. टीव्ही भिंतीकडे तोंड करून चादरीखाली असला तरी त्या घरात चार वेळा प्रेक्षक मोजला जातो. पूर्वी माणसं असलेली घरं बाबा नाहीत म्हणायचे. आता माणसं नसलेली घरं कॉम्प्युटर आहेत म्हणतो.

तर मग रंग बदलायचा. पोर्टलवर बॉक्स बंद करायचं बटण ऑपरेटरला असतं, फक्त वापरत कोणी नाही, कारण बंद केल्यावर उरलेल्या दिवसांचे पैसे परत येत नाहीत. मी त्याला म्हटलं, गणपतीत बघू. मी घराला कुलूप लागल्या दिवशी बॉक्स बंद करीन, तुमच्याच सिस्टीममध्ये तारीख पडेल. मग तो किती वेळा मोजला गेला ते तुम्हीच सांगा.

2023 ला गणपती 19 सप्टेंबरला आले. आमच्याकडे बहुतेक घरांत पाच दिवसांचे, काही सात, थोडे अकरा. मुंबईकर 17-18 पासून गाड्यांतून उतरू लागले. रेल्वेची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून एसटीच्या जादा गाड्या, खासगी बस, आणि हायवेच्या खड्ड्यांना शिव्या घालत आलेल्या मोटारी. घर उघडलं, गणपतीवरची माटवी बांधली, लगेच फोन: “गणपतीपुरतो चालू कर रे.” मी रात्रीपर्यंत बसून बॉक्स लावत होतो. प्रत्येकाचा नंबर आणि वेळ वहीत. खरं तर पोर्टलवर सगळं असतंच, पण या धंद्यात आपल्या हातची नोंद असलेली बरी, पोर्टल त्यांचं आहे.

गौरी-गणपतींचं विसर्जन 23 ला झालं. 24 पासून कुलपं. मीही फिरत होतो, कुठल्या घराचा दरवाजा ओढून घेतला बघत, आणि मोबाईलवरून एकेक बॉक्स लाल करत. एका खळ्यात मी फोनवर नंबर टाकतोय तर घरातली आजी अजून निघायची होती, टीव्ही अचानक गेला तसा आतून आवाज आला, “मेल्या, गाडी येवची आसा अजून, लाव परत!” लावला. अठ्ठावीसपर्यंत चालू राहिलेल्या घरांना दोन मोजण्या लागल्या, 21 आणि 28. बाकीच्यांना एकच, 21 ची. सात तारखेला ती घरं बंद, चौदाला बंद, एकवीसला आरती चालू, अठ्ठावीसला कुलूप.

ऑक्टोबरात पुन्हा कुडाळ. या वेळी आम्ही आठ-नऊ जण एकत्र गेलो आणि एकत्रच राहिलो, कारण मधल्या काळात आणखी दोघांनी हाच उद्योग आपापल्या गावात केला होता. याद्या टेबलावर ठेवल्या. कोल्हापूरच्या दादाबरोबर त्याचा वरिष्ठ आला होता, तो लॅपटॉप उघडत नव्हता, नुसता ऐकत होता. आम्ही विचारलं ते एवढंच: या बॉक्सचे ब्रॉडकास्टरला तुम्ही चार वेळचे पैसे भरलेत की एका वेळचे? चार वेळचे भरले असतील तर रिपोर्ट दाखवा. एका वेळचे भरले असतील तर आमच्याकडून चार वेळचे का घेतलेत?

वरिष्ठाने चहा संपवला. म्हणाला, “रिपोर्ट गोपनीय असतो.” मग म्हणाला, “पण तुमचं नुकसान व्हायला नको.”

बोलणीत माझ्या अनुभवाप्रमाणे हे दुसरं वाक्य महत्त्वाचं. ते आलं की समजावं, हिशेब त्यांनाही पटलाय, आता किती सोडायचं तेवढंच बाकी आहे. आम्ही पावाच्या हिशेबाने पे चॅनलचे तीन हिस्से परत मागितले. ते म्हणाले, वॉलेटमधून रोख परत नाही. आम्ही म्हटलं, पुढच्या महिन्यात वळते करा. ते म्हणाले, एनसीएफला हात लावायचा नाही. ते मान्य केलं, कारण एनसीएफमध्ये आमचाही वाटा होता. त्यांनी अर्ध्यावर आणलं. आमच्यातला एक मालवणकडचा ऑपरेटर उठून म्हणाला, मी दुसऱ्या एमएसओकडे जातो. वरिष्ठ म्हणाला, जा की.

इथे आमची खरी गोची आहे. दुसऱ्या एमएसओकडे जायचं तर नोटीस देऊन जाता येतं, नियमाने कोणी अडवत नाही. पण या एमएसओचा बॉक्स त्या एमएसओच्या सिग्नलवर चालत नाही. दोनशे-अडीचशे घरांतले बॉक्स काढा, नवे बसवा, आणि पैसे कोण देणार? गिऱ्हाईक तर नाहीच. तेवढ्यात ते फ्री डिश घेऊन मोकळं होतं. त्यामुळे “जातो” ही धमकी आम्ही दर वेळी देतो आणि समोरचा दर वेळी “जा की” म्हणतो, दोघांनाही माहीत असतं.

शेवटी जमलं ते असं. गणपती आणि शिमगा, या दोन सणांत चालू करून पंधरा दिवसांच्या आत बंद केलेल्या बॉक्सच्या पे चॅनल रकमेपैकी अर्धी रक्कम वॉलेटला जमा. मे महिन्याला हे लागू नाही, कारण मे महिन्यात माणसं महिनाभर राहतात असं त्यांचं म्हणणं. राहत नाहीत, पण तिथे सोडलं. पॅक घालायची सक्ती नाही, ‘प्रयत्न’ करायचा. उधारीचं काहीच झालं नाही. सही झालेल्या कराराची प्रत मागितली, ती मिळाली बऱ्याच पाठपुराव्यानंतर आणि त्यात सणांची अट नव्हती. ती ईमेलने वेगळी आली, दोन ओळींची. मी ती छापून करारालाच टाचून ठेवलीय.

पैसे जमा झाले डिसेंबरात, तेही माझ्या यादीपेक्षा अकरा बॉक्स कमी धरून. वही उघडून एकेक नंबर मिळवला, आठ सापडले, तीन त्यांनी मान्य केले नाहीत. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, तिघांवर मिटलं म्हणजे चांगलंच मिटलं. त्यांच्या काळी शंभरांचा फरक असायचा.

जुलै 2024 मध्ये ट्रायने एनसीएफवरची कमाल मर्यादाच काढून टाकली. आता 130 चं बंधन नाही, एमएसओ हवी ती फी लावू शकतो. आमच्याकडे अजून वाढवलेली नाही, वाढवायला गिऱ्हाईकच उरलेलं नाही म्हणून. त्यांचा भर आता त्याच फायबरवरून इंटरनेट द्यायवर आहे आणि माझाही. इंटरनेटच्या वाटणीला 55-45 असा काही नियम नाही, सगळं तोंडी. कोल्हापूरच्या दादाची बदली झाली. नवीन आलाय तो पहिल्याच भेटीत म्हणाला, सणांच्या अटीचं त्याला काही माहीत नाही, सिस्टीममध्ये तसं काही दिसत नाही. मी टाचलेला कागद त्याला मोबाईलवर फोटो काढून पाठवला. निळी खूण आली, उत्तर नाही. शिमग्याच्या आधी कुडाळला जावं लागेल.